कावीळ आणि डेंग्यू

धुरी घराण्याला खोटं बोलता येतं, निभावता येत नाही. गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सुशांतला हॉस्पिटलात न्यावं लागलं, तेव्हा त्याच्या बाबांनी, उन्मेषनी, चिंचपोकळीच्या त्या चाळीच्या जिन्यातच सांगून टाकलं, ‘डेंग्यू.’ दोन अक्षरांचा शब्द. पण त्याने सगळ्या घराला अठरा दिवस नाचवलं.

तळमजल्यावरच्या सेक्रेटरींनी लगेच पालिकेला फोन केला. दुसऱ्याच दिवशी सहा माणसं आली. त्यांनी गॅलरीतली पिंपं उपडी केली, तुळशीच्या कुंडीखालची बशी काढून घेतली, टॉर्च मारमारून मोरी बघितली आणि जाताना तिन्ही मजल्यांवर असा धूर सोडला की सुभद्राआजी दोन दिवस खोकत होती. शेजारच्या नॉर्माआंटी रोज सकाळी पपईच्या पानांचा रस घेऊन दारात उभ्या. प्लेटलेट किती झाल्या, हे तर येणारा-जाणारा विचारायचा, आणि सुशांतची आई प्रिती दर वेळी वेगळाच आकडा सांगायची.

सुशांतच्या मोठ्या बहिणीचं नाव पूर्वी, ती दादरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शनला होती. तिला हे आकडे ऐकवत नसत. घरात तिचं नाव होतं ‘चौकशी खिडकी’. पाहुण्याने चप्पल काढायच्या आत त्याची तीन पिढ्यांची माहिती काढणारी बाई ती. डासांच्या माणसांनाही तिने सोडलं नव्हतं. तुम्ही किती जण, वॉर्डात किती टीम, तक्रार आल्यावर किती तासांत जायचं, सगळं विचारून घेतलं. मग दोन दिवसांनी हॉस्पिटलातल्या मनोविकार विभागाच्या खिडकीवर तिने तेच प्रश्न विचारले. डॉक्टर दोन, त्यातले एक रजेवर. ओपीडी आठवड्यातून दोन सकाळी. समुपदेशकाची जागा आहे का? आहे, पण माणूस नाही. कधीपासून नाही? खिडकीतल्या बाईंनी आठवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. रांगेत वडाळ्याची एक आई होती, मच्छीमार नगरहून मुलीला घेऊन आलेला एक म्हातारा होता, आणि सगळ्यांच्या हातात पुढच्या महिन्याच्या तारखा होत्या. खोट्या डासासाठी सहा माणसं एका दिवसात येतात, आणि खऱ्या पोरासाठी एक माणूस मिळत नाही, याचा तिला इतका राग आला की त्या दिवशी ती लॅबमध्ये कुणाशीच नीट बोलली नाही.

कारण सुशांतला डेंग्यू झाला नव्हता. सत्तावीस वर्षांच्या सुशांतला जगायचं नव्हतं. त्याने वेनला, नॉर्माआंटींच्या मुलाला, मेसेज केला होता, ‘तुझं हेल्मेट आमच्याकडे राहिलंय, पूर्वीकडून घे.’ बालवाडीपासूनचा मित्र आपलं हेल्मेट बहिणीकडून का घ्यायला सांगतोय, हे वेनला कळेना. न कळलेलं सोडून द्यायचा त्याचा स्वभाव नव्हता. तो ऑफिसातून तसाच निघाला, वेळेत पोचला आणि त्याने सुशांतला हॉस्पिटलात नेलं. सुशांत पाच दिवस तिथे होता. तरुण डॉक्टरबाईंनी त्याला दोनदा तपासलं, औषधं सुरू केली, गुरुवारची तारीख लिहून दिली आणि पूर्वीला बाजूला घेऊन सांगितलं, ‘एकटं सोडू नका. वाईट वाटलं तर तारखेची वाट बघायची नाही, थेट कॅज्युअल्टीत यायचं. आणि त्याला सरळ विचारत जा, मरावंसं वाटतंय का म्हणून. विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेलं येत नाही, असलेलं बाहेर येतं.’

जगाला प्रश्न विचारणाऱ्या पूर्वीला हा एक प्रश्न अजून विचारता आला नव्हता. जेवलास का, गोळी घेतलीस का, पंखा वाढवू का, इथवर ती यायची आणि तोंड कोरडं पडायचं. याची तिला लाज वाटत होती.

आज मंगळवार होता, घरात पितृपक्षातला म्हाळ होता. आजोबांच्या, लवू धुऱ्यांच्या, धाकट्या भावाचा. रामू चौऱ्याऐंशी साली सव्विसाव्या वर्षी काविळीने गेला, हे घरातल्या प्रत्येकाला पाढ्यासारखं पाठ होतं. सकाळी भटजी आले ते नेहमीचे नव्हते, त्यांचे पुतणे होते. अजून चार घरं करायची होती, म्हणून ते भराभर आटपून निघाले. नारळ विसरले. पूर्वी नारळ घेऊन जिन्यात धावली आणि, सवयीप्रमाणे, मोकळ्या हाताने परत आली नाही.

"गुरुजी, एक विचारू? आम्ही दरवर्षी आजच का करतो? दिनदर्शिकेत आज घातचतुर्दशी म्हणून लिहिलंय."

"मग आजच करणार ना. अपघाताने, घाताने गेलेल्यांचं आजच असतं. स्वतःहून गेलेल्यांचंही."

"आणि काविळीने गेलेल्याचं?"

"त्याचं त्याच्या तिथीला." भटजी दोन पायऱ्या उतरून थांबले. "का हो?"

"काही नाही. सहज," पूर्वी म्हणाली.

ती जिन्यातच उभी राहिली. आजोबांनी चाळीस वर्षं सगळ्या माणसांना कावीळ सांगितली होती. चाळीला, गावाला, पोटच्या पोराला. पण पितरांपुढे खोटं बोलायचा त्यांना धीर झाला नव्हता. तिथे ते दरवर्षी न चुकता खरं सांगत होते, आणि घरातलं कुणीच दिनदर्शिकेकडे नीट बघत नव्हतं. तिच्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर त्याबरोबर उत्सुकताही आली. काय झालं होतं? का? आणि आजोबांशिवाय कुणाला ठाऊक होतं?

वर गॅलरीत पितरांसाठी ठेवलेली वाडी कावळ्यांनी केव्हाच फस्त केली होती. आत पानं मांडली होती. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, अळूवड्या, खीर. सुशांत भिंतीला टेकून बसला होता आणि एका वड्याचे बारीक बारीक तुकडे करत होता.

"संध्याकाळी सहाची लक्झरी आहे, परळ नाक्यावरून," उन्मेष पहिला घास घेताघेता म्हणाले. "मी आणि सुशांत गावी जातोय. कणकवलीला उतरू, तिथून रिक्षा. महिनाभर राहील. देवळात कौल लावून घेऊ, हवापालट होईल. इथे या चार भिंतींत बसून पोरगा काय बरा होणार?"

पूर्वीचा हात पानावरच राहिला. "बाबा, गुरुवारी तारीख आहे."

"तारीख पुढे घेता येते."

"दिवाळीनंतरची मिळेल. मी विचारलंय."

"तू कुठे विचारत नाहीस?"

"परवा घट बसतत," सुभद्राआजी खीर वाढताना म्हणाली. "घटाच्या दिवशी कोण हास्पिटलात जाता? आणि तू आधी जेव. चौकशी मगे."

पूर्वीने आईकडे बघितलं. प्रितीने मान खाली घातली. "मला वाटतं जाऊन येऊ दे," ती हळू आवाजात म्हणाली. "इथे सगळे बघतात गं. प्लेटलेट विचारतात. मी थकले सांगून सांगून."

म्हणजे तीन विरुद्ध एक. आजोबा काहीच बोलत नव्हते. ज्याच्याबद्दल चाललं होतं, त्याला कुणी विचारतही नव्हतं.

"गावी दवाखाना किती लांब आहे?" पूर्वीने विचारलं. "त्याच्या गोळ्या संपल्या तर? रात्री-अपरात्री काही झालं तर? तिथे त्याच्याजवळ कोण झोपणार? गुरं राखणारा बाबी?"

"काही होणार नाही!" उन्मेषचा आवाज चढला. "सारखं काही झालं तर, काही झालं तर! डेंग्यू होता, बरा झाला, संपलं!"

आणि नेमक्या त्याच वेळी नॉर्माआंटी दारात आल्या, हातात हिरवा ग्लास. आज सकाळी भटजी असल्यामुळे त्यांची फेरी चुकली होती. उन्मेष एकदम गोड झाले. "या ना आंटी. आता बरं आहे त्याला. प्लेटलेट दीड लाख."

"काल प्रितीने दोन लाख सांगितल्या," नॉर्माआंटी म्हणाल्या. त्यांनी ग्लास सुशांतच्या पानाशी ठेवला, त्याच्याकडे नीट बघून घेतलं, आणि उभ्या राहिल्या त्या गेल्याच नाहीत. "उन्मेष, मी आता बोलते हां, राग नाय मानायचा. वेनने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. रडत आला होता घरी. आणि हा पपईचा रस नाय. पपईचा पाला कडू असतो, पोराने कशाला प्यावा? पालक आहे, पुदिना आहे, लिंबू पिळते."

प्रिती उठून उभी राहिली. "मग इतके दिवस तुम्ही..."

"अगं, रोज येऊन त्याचं तोंड बघायला काहीतरी निमित्त नको? तुम्ही डेंग्यू सांगितला, तर मी रस आणला. ताप सांगितला असता तर सूप आणलं असतं."

सुशांत हसला. अगदी थोडंसं, नाकातून. पण अठरा दिवसांत पहिल्यांदा. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आंटी. पुदिना लपत नाही."

प्रिती दोन पावलं चालून गेली आणि नॉर्माआंटींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. जे शेजाऱ्यांपासून लपवायचं म्हणून तिने झोप घालवली, ते पलीकडच्या घरात आधीच येऊन बसलं होतं, आणि त्या घराने दार लावलं नव्हतं. आंटींनी तिच्या पाठीवर थोपटलं, घरात आज काय आहे हे ओळखून जास्त न बोलता त्या निघाल्या. जाताना म्हणाल्या, "गुरुवारी वेन सुट्टी टाकेल. सोबत पाहिजे तर सांगा."

प्रिती पानावर येऊन बसली ती नवऱ्याच्या बाजूला नाही, पूर्वीच्या बाजूला.

उन्मेष दुखावले गेले. त्यांचं प्रेम कमी नव्हतं, भीती जास्त होती, आणि भ्यायलेला माणूस आधी आवाज चढवतो. "ठीक आहे. आंटींना माहीत होतं. चाळीला पण सांगा. माईक लावून सांगा! उद्या त्याला नोकरीवर कोण ठेवेल, मुलगी कोण देईल? मी त्याचं वाईट चिंततोय का? गावाकडची हवा, आपली माणसं. रामूकाकाला मी स्वतः गाडीत बसवायला गेलो होतो, चौदा वर्षांचा होतो. काविळीवर गावचं औषध चांगलं म्हणून पाठवला. उशीर झाला म्हणून गेला तो. आधी गेला असता तर वाचला असता. मी आता उशीर करणार नाही."

आजोबांनी पानावर पाणी फिरवलं. खीर तशीच होती.

पूर्वीला कळत होतं की आता विचारणं म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला भरल्या घरात उघडं पाडणं आहे. ती थांबली. मग तिने परळ नाक्यावरच्या सहाच्या गाडीचा विचार केला.

"आजोबा," ती शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाली, "काविळीने गेलेल्या माणसाचा म्हाळ चतुर्दशीला का करतात?"

आजीच्या हातातला डाव पातेल्याला लागून वाजला. तिलाही ठाऊक होतं तर.

"पूर्वी, काय लावलंयस तू?" उन्मेष म्हणाले.

"थांब," आजोबा म्हणाले. आवाज बारीक होता, पण उन्मेष थांबले. आजोबांनी पान बाजूला सारलं. "गावाक जावचो नाय तो."

"बाबा, पण..."

"जावचो नाय, सांगितलं ना. रामूला मीच धाडलंय गावाक. कावीळ नव्हती त्याला."

मग ते बोलत गेले. आधी मालवणीत, मग पोरांना नीट कळावं म्हणून इथल्या मराठीत. रामू झोपत नव्हता. जेवणाची चव नाही, कुणाशी बोलणं नाही. मला म्हणाला, दादा, डोक्यात सारखं काहीतरी चालतं, बंद होत नाही. विमा दवाखान्यातल्या डॉक्टरने मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहून दिली. कुठल्या विभागाची ते वाचलं आणि मी ती खिशात घातली. बहिणीला बघायला माणसं यायची होती. भाऊ वेड्यांच्या डॉक्टरकडे जातो म्हटल्यावर कोण आलं असतं? मग हवापालट म्हणून गाडीत बसवला. अकराव्या दिवशी तार आली.

"गिरण्यांच्या संपामुळे झालं असेल, बाबा," उन्मेष कसेबसे म्हणाले. "त्या दोन वर्षांत किती लोक..."

"संप सगळ्यांचा होता. मी पण घरी बसून होतो, वरच्या मजल्यावरचे चौघे होते. मग तोच का? चाळीस वर्षं मी हेच विचारतोय. एकच कारण असतं तर सापडलं असतं." आजोबांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच वाहू दिलं. "कारण नाही सापडलं. पण एक ठावक आहे. तो सांगायला आला होता, आणि मी एकदाही विचारलं नाही. जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का रे, एवढं विचारूक होया होता. मला वाटलं, विचारलं तर करील."

उन्मेषनी तोंडावर हात धरला होता. ज्या काकाला त्यांनी हात हलवून निरोप दिला होता, त्याच्याबद्दल त्यांना पंचावन्नाव्या वर्षी खरं कळत होतं. पूर्वीला त्यांची दया आली. ती उठून त्यांच्याजवळ जाणार होती, पण आजोबांनी तिला हाक मारली.

"पूर्वी. तुझी ती खिडकी उघड आता. मला जमत नाही. तू इचार त्याला."

सगळे तिच्याकडे बघत होते. सुशांतसुद्धा. ती सरकत सरकत त्याच्या पानासमोर जाऊन बसली. वड्याचे तुकडे मधे होते. तोंड कोरडं पडलं, पण या वेळी ती थांबली नाही.

"सुशांत, तुला अजून मरावंसं वाटतं का?"

सुशांतने वड्याचे तुकडे पानाच्या कडेला सारले.

"आज नाही," तो म्हणाला. "काल दुपारी वाटलं होतं."

प्रितीच्या तोंडून बारीक आवाज आला, पण ती जागची उठली नाही.

"काल दुपारी काय केलंस मग?" पूर्वीने विचारलं. आता प्रश्न आपोआप येत होते, आणि ते चौकशीचे नव्हते, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"डिस्चार्जच्या कागदावर हेल्पलाइनचा नंबर आहे ना, चौदा चार सोळा. तो लावला. गच्चीच्या जिन्यात बसून. आजी वाटाणे निवडत होती तेव्हा. एक बाई बोलल्या, अर्धा-पाऊण तास. काही उपदेश वगैरे नाही केला. ऐकलं." तो थांबला. "मग उतरलं. येतं आणि उतरतं. येतं तेव्हा वाटतं की कायमचं आलंय."

"आम्हाला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही डेंग्यूत होता," सुशांत म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. "आणि गावाला जायचं मला भ्या वाटत होतं, बाबा. तिथे नेटवर्क नाही. नंबर लागणार नाही. पण तुम्ही तिकिटं काढली होती."

उन्मेषनी खिशातून फोन काढला, चष्मा लावला आणि तिकिटं रद्द करायला घेतली. बटण सापडेना. शेवटी फोन त्यांनी सुशांतकडेच दिला. "तूच कर रे. मला दिसत नाही."

"परत वाटलं तर कुणाला उठवायचं, ते आत्ता ठरवू," पूर्वी म्हणाली. "मला उठव. मी नसले तर आईला."

"माका उठव," आजी म्हणाली. "मी घटाजवळ जागीच असतंय."

"मला," उन्मेष म्हणाले. एवढंच.

सुशांतने फोन बाबांना परत दिला आणि भिंतीपाशी बसलेल्या आजोबांकडे वळला. तो त्यांना नीट निरखून बघत होता, पूर्वी बघते तसा.

"आजोबा, तुम्ही रात्री झोपत नाही ना? मी जागा असतो, तुम्ही पण असता. तुम्ही कूस बदलली की मी घोरल्याचं सोंग करतो."

"माका खंय नीज येता," आजोबा म्हणाले. "चौऱ्याऐंशीपासून."

"कुणाला दाखवलंत?"

"ह्या वयात काय दाखवायचं? म्हातारपण ते."

"चौऱ्याऐंशी साली तुम्ही म्हातारे होतात?"

सुशांतने पानातला वड्याचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला, सावकाश चावला.

"गुरुवारी माझ्याबरोबर चला," तो म्हणाला. "तुमचा पण केसपेपर काढू. तुमची तारीख उशिराची मिळेल, पण मिळेल. फक्त सहाला उठा हां आजोबा, रांग फार मोठी असते. मी तुम्हाला उठवतो."